गैरहजर दात

मंडळी, आज विषय जरा वेगळा आहे. मोटारीच्या इंजिनातला एक बोटभर लांबीचा सेन्सर. जन्मभर मराठी शिकवलेला हा माणूस इंजिनात कुठे शिरला, असं वाटेल. पण ही वस्तू कळली तेव्हा इतका आनंद झाला की लिहिल्यावाचून राहवेना.

इंजिनात पिस्टन खाली-वर होतात आणि त्यांच्या जोरावर क्रँकशाफ्ट फिरतो. पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडायला हवी. उशीर झाला तर जोर वाया जातो, फार लवकर पडली तर इंजिन ठोके देतं. जुन्या फियाट, अँबॅसडरमध्ये ही वेळ डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट सांभाळत. पॉलिश पेपरने पॉइंट घासणारे ड्रायव्हर तुम्हीही पाहिले असतील. आता पेट्रोल आणि ठिणगी दोन्हींची वेळ गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. पण तो बसलेला बंद डब्यात. पिस्टन कुठवर आलाय हे त्याला कोण सांगणार? ते काम या सेन्सरचं.

क्रँकशाफ्टबरोबर एक दातेरी लोखंडी चकती फिरते. सेन्सर तिच्याजवळ, पण तिला न शिवता बसवलेला असतो. मध्ये फट जेमतेम मिलिमीटरभर. त्याच्या पोटात लोहचुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. दात समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि तारेत विजेची लहानशी लहर उठते. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलेलं हेच ते विद्युतचुंबकीय प्रवर्तन! (काही गाड्यांत दुसऱ्या तत्त्वावरचा हॉल सेन्सर असतो, पण कामगिरी तीच.)

आता खरी गंमत. अनेक गाड्यांत चकतीवर ६० दातांची जागा असते, म्हणजे दर ६ अंशांना एक. पण दात असतात ५८! दोन मुद्दाम गाळलेले. सगळे सारखेच असते तर मोजणी कुठून सुरू करायची हे कॉम्प्युटरला कळलंच नसतं. लहर, लहर, लहर... आणि मध्येच शांतता. ती रिकामी जागा हीच खूण. तिथून अमुक दात मोजले की पहिला पिस्टन वर. मिनिटाला ३००० फेरे होत असतील तर सेकंदाला २९०० दात मोजले जातात. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटलं नाही तर पुढचे दात किंचित उशिरा येतात. तेही ओळखून तो डॅशबोर्डवर दिवा लावतो.

माझा याच्याशी संबंध आला गेल्या मे महिन्यात. चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटाच्या चढावर मुलाची गाडी एकाएकी बंद पडली. मागे भरलेला ट्रक, शेजारी माझी ८१ वर्षांची ताई. स्टिअरिंग जड झालं. दोनदा ब्रेक दाबल्यावर तोही दगडासारखा. मुलाने कशीबशी गाडी कडेला घेतली. अर्ध्या तासाने ती आपोआप चालू झाली! एकाने बॅटरी बदलायला लावली, दुसऱ्याने पेट्रोलचा पंप. गाडी पुन्हा बंद पडलीच.

शेवटी कराडच्या एका तरुण मेकॅनिकने सेन्सर काढला, मीटरला जोडला आणि केस वाळवायच्या यंत्राने तापवला. गार असताना मीटरवर आकडा होता, तापल्यावर गायब. आतली तार तापून प्रसरण पावली की जोड सुटत होता. "काका, गार असला की हजर, तापला की गैरहजर," तो म्हणाला. इतकं सोपं करून सांगणारा शिक्षक मी क्वचितच पाहिला.

मला मात्र ते गाळलेले दोन दातच जास्त आठवतात. चौतीस वर्षं हजेरी घेतली. वर्गात लक्ष जायचं ते रिकाम्या जागेकडे. ही जाऊन तीन वर्षं झाली. घरातलं काहीही आठवताना ती असतानाचं की नंतरचं, इथूनच माझी मोजणी सुरू होते. असो.

तुमच्यापैकी कोणाची गाडी तापल्यावर बंद पडून गार झाल्यावर चालू होत असेल, तर बाकी काही बदलण्याआधी हा सेन्सर तापवून तपासून घ्या. घाटात जायच्या आधी.