पाठमोरी नदी

तिरोड्याच्या माणसास समुद्र पाहावयाचा म्हणजे महाराष्ट्राचें एक टोक सोडून दुसरें गांठावयाचें. गेल्या आश्विनांत आम्ही उभयतां आंबोलीस गेलों. घाटाच्या कड्यावरून खालीं कोंकण दिसतें, आणि हवा निवळ असल्यास पश्चिमेस समुद्राची रेघ.

येथेंच हिरण्यकेशी उगम पावते. समुद्र इतका जवळ असतां ती त्यास पाठमोरी होऊन पूर्वेस वळते, घटप्रभेंतून कृष्णेस मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरांत जाते. आमची वैनगंगाहि वर्धेस मिळून प्राणहिता होते व गोदावरीवाटे त्याच सागरास पोंचते. परक्या मुलखांत गांवचें माणूस भेटावें तसें मला झालें. इतर प्रवासी धबधब्याखालीं छायाचित्रें काढण्यांत गढले होते. त्यांचेंहि सुख खोटें नव्हे.

पुढें मालवणास सिंधुदुर्ग पाहिला. शिवरायांनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर त्याचें काम आरंभिलें. चोहोंकडे खारें पाणी, आंत गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. तटापेक्षां मी तेथेंच अधिक रेंगाळलों. तळ्यांच्या मुलखांतला माणूस आधीं पाण्याचीच चौकशी करणार!

रात्रीं भात वाढतांना घरधनिणीनें विचारलें, “तुमच्या गावाक काय आसा?” मी नागझिऱ्याच्या वाघांचें नांव घेणार, तोंच सौभाग्यवती म्हणाल्या, “आमच्याकडे बोड्या आहेत. धानाला पाणी देणाऱ्या.” मग कोंकणची लावणी ती आमची रोवणी, येथपासून दोघींचें जें बोलणें सुरू झालें, तें माझा हात वाळला तरी संपेना.