वांद्र्याचा किनारा ओस पडतो तेव्हा

समुद्रकिनारा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? भेळेच्या गाड्या, फुगेवाले, भाजलेल्या कणसांचा वास आणि माणसंच माणसं! ‘शी, किती ही गर्दी!’ असं आई म्हणते, बाबा मान डोलावतात आणि पुढच्या रविवारी आपण सगळे पुन्हा त्याच गर्दीत जाऊन उभे राहतो.

पण ही गर्दी एके दिवशी आलीच नाही तर? आठवडाभर नाही, महिनाभर नाही, वर्षभर नाही. मग कणीसवाल्याचं काय होत असेल? फुगेवाला काय करत असेल?

आज आपण मुंबईच्या अशाच एका किनाऱ्यावर फिरायला जाणार आहोत. तिथली गर्दी बऱ्याचदा ओसरली आणि बऱ्याचदा परतही आली. ते ठिकाण म्हणजे वांद्रे. चला तर, पाण्याची बाटली घ्या, टोपी घाला आणि पश्चिम रेल्वेची लोकल पकडा.

बंदराचं झालं वांद्रे

गाडीतून उतरल्यावर लगेच बाहेर पळू नका. आधी स्टेशनच्या इमारतीकडे नीट पाहा. तिची उतरती छपरं १८८८ सालची आहेत. या मार्गावर लोकल धावू लागली ती त्याच्याही आधी, १८६७ मध्ये. तेव्हा या स्टेशनाला ‘बांदोरा’ म्हणत. वांद्रे हे नाव ‘बंदर’ या शब्दावरून आलं, असं सांगतात.

रेल्वे येण्यापूर्वी इथं पाहुणे यायचे कसे? तेव्हा माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती. ती होडीनं ओलांडावी लागे. पावसाळ्यात होड्या उलटत, माणसं बुडत. पूल बांधावा तर कंपनी सरकार पैसे देईना. अखेर सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई पुढे आल्या. त्यांनी स्वतःचे दीड लाखाहून अधिक रुपये दिले. अट एकच होती, जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही! १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. माहीमला लेडी जमशेटजी रोड आहे ना, तो त्यांच्याच नावाचा.

रस्ता झाला, मग रेल्वे आली आणि मुंबईकरांना वांद्रे जवळ वाटू लागलं. मोकळी हवा, टेकड्या, समोर समुद्र. सधन लोकांनी पाली हिलवर बंगले बांधले. बाकीचे लोक सुटीच्या दिवशी हवा खायला येऊ लागले. बँडस्टँड हे नाव कशावरून पडलं, ठाऊक आहे? पूर्वी तिथं बँड वाजत असे आणि लोक समुद्राचा वारा घेत तो ऐकत. म्हणून तो झाला बँडस्टँड.

मोत माउलीची जत्रा

आता हिल रोडनं समुद्राकडे चालू लागा. वाटेत सेंट अँड्र्यूज चर्च लागेल. ते १५७५ सालचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीचं! त्याच्या पलीकडे चिंबईचा कोळीवाडा आहे. होड्या आणि जाळी दिसली की ओळखा, आलं चिंबई. हे खरे जुने वांद्रेकर.

तिथून वर टेकडीवर माउंट मेरीचं चर्च. आजची इमारत १९०४ मध्ये पुरी झाली, पण या जागेची श्रद्धा त्याहून कितीतरी जुनी आहे. कोळी बांधव इथल्या मेरीमातेला ‘मोत माउली’ म्हणतात. दर सप्टेंबरमध्ये, ८ तारखेच्या मेरीमातेच्या जन्मदिनाला लागून, इथं आठवडाभर जत्रा भरते. ख्रिस्ती येतात, हिंदू येतात, मुसलमान आणि पारशीही येतात. बेस्ट जादा बसगाड्या सोडते.

जत्रेतली सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे मेणाच्या वस्तू. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय वाहायचा. घर हवं असेल तर मेणाचं घर. बाळ हवं असेल तर मेणाची बाहुली. शिवाय फुलांचे हार, खाजं, खारे चणे आणि गोव्याकडचे गोड कडिओ-बोडिओ असतातच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेकडो दुकानं मांडलेली असतात. जत्रेचे ते आठ दिवस म्हणजे कित्येक कुटुंबांची वर्षाची मोठी कमाई.

जत्रा भरलीच नाही

आणि मग आलं २०२० साल. तुमच्यातल्या लहानांना ते अंधुक आठवत असेल, पण आईबाबांना विचारा. करोनाच्या साथीमुळे २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. लोकल थांबल्या. बँडस्टँडवर फिरायला बंदी आली. जिथं रोज संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसे, तिथं फक्त लाटांचा आवाज उरला.

सप्टेंबर आला तरी मोत माउलीची जत्रा भरली नाही. २०२१ मध्येही नाही. भाविकांनी घरी बसून पडद्यावर प्रार्थना पाहिली.

प्रार्थना घरून करता येते हो, पण मेणाचं घर घरून कसं विकायचं? आपण एक हिशेब मांडून पाहू. समजा, एक कुटुंब जत्रेसाठी मेणबत्त्या बनवतं. जत्रा नाही, म्हणून त्यांनी मेण घेतलं नाही. म्हणजे मेण विकणाऱ्याचा धंदा बुडाला. माल न्यायचा नाही, म्हणून टेंपोवाला घरी बसला. हार लागणार नाहीत, म्हणून फुलं पिकवणाऱ्या शेतकऱ्याची फुलं झाडावरच सुकली. चहावाला, रिक्षावाला, खेळणीवाला सगळ्यांचं तेच. एक पाहुणा आला नाही की एकाचंच नुकसान होत नाही. ओळीनं उभ्या केलेल्या पत्त्यांसारखं होतं. पहिला पडला की शेवटपर्यंत सगळे पडतात.

चिंबईच्या कोळ्यांना रिकामे दिवस नवे नाहीत. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यंत्रावरच्या होड्यांना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. पण ही बंदी दरवर्षी ठरलेल्या वेळी येते. म्हणून कोळीण आधीच मासळी सुकवून ठेवते, चार पैसे बाजूला टाकते. मंदीची तारीख माहीत असली की माणूस तयारी करतो. २०२० ची मंदी तारीख सांगून आली नव्हती. तिचं खरं दुखणं हेच होतं.

हे काही वांद्र्यापुरतंच नव्हतं. २०१९ मध्ये जगभरात सुमारे १४६ कोटी पर्यटक परदेशी फिरायला गेले होते. २०२० मध्ये तो आकडा सुमारे ४० कोटींवर आला. म्हणजे दर चार पाहुण्यांमागे जवळजवळ तीन आलेच नाहीत!

एक साथ अशी, एक साथ तशी

गंमत पाहा. याआधीही मुंबईत एक भयंकर साथ आली होती, १८९६ ची प्लेगची साथ. तेव्हा शहरातले लोक दाटीवाटीच्या चाळी सोडून मोकळ्या हवेसाठी बाहेर पडले. त्यातले बरेच वांद्र्याला आले. म्हणजे त्या साथीत वांद्र्याची वस्ती वाढली! पण पाठोपाठ रोगही इथं पोचला. वांद्र्याच्या गल्ल्यांतून हिंडताना तुम्हाला कोपऱ्याकोपऱ्यावर दगडी क्रूस दिसतील. त्यांपैकी बरेच क्रूस ‘प्लेग टळू दे’ म्हणून तेव्हा उभारलेले आहेत. त्यांना आजही कुणीतरी हार घालतं.

एक बंद हॉटेल

आता टेकडी उतरून बँडस्टँडच्या टोकाला या. या टोकाला लँड्स एंड म्हणतात. इथं समुद्राला लागून ‘सी रॉक’ नावाचं मोठं हॉटेल होतं. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत ठिकठिकाणी बाँबस्फोट झाले. त्यात अडीचशेहून अधिक माणसं मृत्युमुखी पडली. त्या दिवशी एक स्फोट या हॉटेलातही झाला. हॉटेल बंद पडलं ते पुन्हा उघडलंच नाही. कितीतरी वर्षं ती रिकामी इमारत समुद्राकडे पाहत उभी होती. पुढे ती पाडून टाकण्यात आली.

पाहुणे येईनासे होण्याची कारणं किती वेगवेगळी असतात, पाहिलंत ना? कधी रोग, कधी भीती, तर कधी आपलीच अस्वच्छता. हे तिसरं कारण मात्र आपल्या हातातलं असतं.

गर्दी परत कशी येते?

समुद्राला ओहोटी लागली की सहा तासांनी भरती येते. त्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही. माणसांच्या गर्दीचं तसं नाही. गेलेली माणसं परत यायची तर कुणाला तरी खपावं लागतं.

कार्टर रोडजवळचं जॉगर्स पार्क पाहा. तिथं पूर्वी कचरा टाकत. नाक दाबल्याशिवाय जाता येत नसे. १९९० मध्ये त्या जागी समुद्राकाठची सुंदर बाग झाली. आज तिथं आजीआजोबा चालायला येतात आणि नातवंडं खेळायला.

किंवा लँड्स एंडचा किल्ला घ्या. १६४० मध्ये तो पोर्तुगीजांनी बांधला. त्याचं नाव ‘कास्तेला दि आग्वादा’. आग्वादा म्हणजे पाणी भरून घेण्याची जागा. इथल्या गोड्या पाण्याच्या झऱ्यावर गलबतं पाणी भरत. पुढे चिमाजी अप्पांच्या फौजा वसई-साष्टीवर चालून आल्या. हा किल्ला मराठ्यांना मिळाला तर समोर मुंबईच, या धास्तीनं इंग्रजांनी त्याचा बराचसा भाग आधीच पाडून टाकला. उरलेल्या भिंती लाटा खाऊन पोखरू लागल्या आणि एक कमान तर कोसळण्याच्या बेतात होती. तेव्हा, २००३ मध्ये, बँडस्टँडच्या रहिवाशांनीच पुढाकार घेतला. खासदार शबाना आझमी यांनी आपल्या निधीतून मदत केली. कमान सावरली, पाया भक्कम झाला. आज किल्ल्याच्या उतारावर खुलं नाट्यगृह आहे आणि कठड्याशी उभं राहिलं की २००९ मध्ये सुरू झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू सबंध दिसतो.

परदेशातही असंच घडलं. इंग्लंडमध्ये मार्गेट नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. एके काळी लंडनचे लोक सुटीला तिथं लोटत. १९६० नंतर विमानप्रवास स्वस्त झाला आणि तेच लोक उन्हासाठी स्पेनला जाऊ लागले. मार्गेटची दुकानं एकेक करून बंद पडली. मग गावानं एक युक्ती केली. टर्नर हा नामवंत चित्रकार तिथं येऊन चित्रं काढत असे. त्याच्या नावानं २०११ मध्ये तिथं मोठं कलादालन उघडलं आणि पाहुणे पुन्हा येऊ लागले. आपल्याकडे काय आहे हे ओळखायचं आणि ते नीट जपायचं, हीच ती युक्ती.

आणि मोत माउलीची जत्रा? दोन वर्षांच्या खंडानंतर, सप्टेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा भरली. मेणाची घरं, मेणाचे पाय, मेणाच्या बाहुल्या पुन्हा ओळीनं मांडल्या गेल्या.

तुम्ही जाल तेव्हा

तुम्हीही पाहुणेच आहात, हे विसरू नका. किनारा टिकतो की ओस पडतो, ते थोडंसं तुमच्यावरही अवलंबून आहे. म्हणून एवढं करा:

• खाऊचे कागद आणि बाटल्या पिशवीत ठेवा, घरी आणून टाका. समुद्र कचरा ठेवून घेत नाही, पुढच्या भरतीला तो परत करतो!

• बँडस्टँडच्या काळ्या खडकांवर उतरू नका. ते शेवाळानं निसरडे असतात आणि भरतीचं पाणी मागून कधी वेढतं ते कळत नाही. जानेवारी २०१६ मध्ये इथं फोटो काढताना एक तरुणी पाण्यात पडली. ती आणि तिला वाचवायला धावलेला माणूस, दोघंही बुडाले.

• निघताना एक मेणबत्ती, एक फुलांचा पुडा किंवा एखादं कणीस विकत घ्या. तेवढ्यानंही कुणाचा तरी दिवस भागतो.

करून पाहा

वर्तमानपत्रातून किंवा घरातल्या मोठ्यांच्या मदतीनं मुंबईच्या भरती-ओहोटीच्या वेळा शोधा आणि आठ दिवस वहीत लिहा. भरती रोज किती मिनिटं उशिरा येते? (उत्तर: साधारण पन्नास.) दुसरं काम थोडं अवघड आहे. तुमच्या गावातल्या जत्रेतल्या किंवा बाजारातल्या एखाद्या दुकानदाराला विचारा, ‘काका, २०२० मध्ये तुम्ही काय केलंत?’ तो सांगेल ते नीट ऐका आणि वहीच्या पुढच्या पानावर लिहून ठेवा.