नळीत डोकावताना

जुनी वस्तू पारखायला घरचा माणूस बरोबर हवा, अशी आमच्या भाचेमंडळींची ठाम समजूत आहे. सायकलीपासून बाजाच्या पेटीपर्यंत सगळं मी पारखून दिलंय. त्यामुळे टेक्ससच्या भाच्याने मला लष्करी जुन्या रायफलींच्या दुकानात नेलं, याचं नवल वाटलं नाही. शिवाय कॉलेजात एन.सी.सी.त मी दोन वर्षं थ्री-नॉट-थ्री वाहिली होती. वाहिली म्हणजे अक्षरशः. चार किलोचं ते धूड! 'बाजू शस्त्र' म्हटलं की खांदा अजून दुखतो.

दुकानात ली-एनफिल्ड रायफली ओळीने उभ्या होत्या. पहिलीच्या अंगावर मुकुट, 'जी.आर.आय.', ईशापूर, १९४३. हुगळीकाठची बाई माझ्याआधी अमेरिकेत पोचली होती, तीही व्हिसाच्या रांगेत न उभी राहता. लोणच्यातल्या फोडीसारखी कॉस्मोलिनच्या तेलकट लगद्यात बुडालेली. शेजारची मात्र व्हार्निश मारून चकचकीत, आणि स्वस्त!

"ही बर्मात लढलीय," दुकानदार म्हणाला. प्रत्येक जुन्या रायफलीने बर्मा पाहिलेला असतो. आपल्याकडे नाही का, प्रत्येक जुन्या फियाटचा पहिला मालक डॉक्टर असायचा!

भाचा अभ्यास करून आला होता. बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरायची. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या दारूचे क्षार नळीत राहतात. शिपायाने पाण्याने धुतली नसेल तर गंज आतून खातो. डावीकडे वळत जाणारे पाच आटे, कडा धारदार हव्यात. मग डमी काडतूस उलटं धरून गोळीचं टोक नळीच्या तोंडात घालायचं. पितळेपर्यंत आत गेलं, तर तोंड झिजलं. बोल्टचा आणि अंगावरचा नंबर एकच हवा. बोल्ट परका असला आणि काडतुसामागे फट जास्त राहिली, तर पितळ फाटून तापलेला वायू थेट तोंडावर!

हे सगळं सांगत भाचा चकचकीत रायफलीसाठी खिशात हात घालत होता. मी आपला चष्मा पुसून तिचं अंग पाहिलं. व्हार्निश लाकडाला होतं, लोखंडावर अक्षरं शाबूत होती. 'डी.पी.'

"आधीच्या मालकाची आद्याक्षरं असतील," दुकानदार म्हणाला.

म्हटलं, बाबा रे, याच मालकाची रायफल मी दोन वर्षं वाहिलीय. डी.पी. म्हणजे ड्रिल पर्पज. गोळी झाडायला बाद, फक्त कवायतीपुरती. आमचे उस्ताद सांगायचे, हिच्यात गोळी भरलीस तर समोरच्याआधी तूच आडवा होशील.

भाच्याचा हात खिशातच राहिला. मग ईशापूरवाली पुसून घेतली. आटे ठीक, नंबर जुळले, 'नो-गो' गेज घातल्यावर बोल्ट मिटेना. मिटू नये हेच हवं असतं! भाचा फॉर्म भरायला बसला. माझ्या पांढऱ्या शर्टावरचा कॉस्मोलिनचा डाग मात्र तीन धुण्यांनंतरही जागचा हललेला नाही.