संदर्भसूचीत नसलेली माणसं

प्रबंधातलं दुसरं प्रकरण म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा. विद्यापीठात सगळे त्याला नुसतं ‘रिव्ह्यू’ म्हणतात आणि बऱ्याचदा तो एकाच साच्यात लिहिलेला असतो: अमुक यांनी अमुक साली असं म्हटलं, तमुक यांनी तमुक साली तसं म्हटलं. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर प्रबंधाचं एकेक प्रकरण सुटं उघडता येतं. माझ्या विषयाजवळचे प्रबंध काढून मी त्यांची फक्त दुसरी प्रकरणं लागोपाठ वाचली. नावं ढीगभर होती, पण कुणाचा मुद्दा कुणी पुढे नेला, कुणाचं कुणाशी पटलं नाही, हे फार कमी ठिकाणी समजत होतं. मला माझ्या प्रकरणात नेमकं तेच हवं होतं.

माझा विषय नवी मुंबईतली गावठाणं. राहायला नेरूळला. अलीकडच्या पुस्तकापासून सुरुवात करायची, त्याची संदर्भसूची धरून मागे मागे जायचं आणि ज्याचं नाव सगळेच घेतात ते मूळ लेखन स्वतः वाचायचं, हा क्रम मी सुरुवातीलाच ठरवला. अन्नपूर्णा शॉ यांचं ‘द मेकिंग ऑफ नवी मुंबई’ २००४ चं. त्याआधी १९९९ मध्ये ॲलेन जॅकमिन यांनी तिसऱ्या जगातल्या नव्या शहरांचा विचार करताना याच शहराचा दाखला घेतला होता. मागे जाता जाता ‘मार्ग’ मासिकाच्या १९६५ च्या अंकापाशी पोचले. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी खाडीपलीकडे शहर वसवण्याची कल्पना तिथे मांडली. मग १९७० मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी आली, १९७३ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा. ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. या सगळ्या लेखनाच्या मुळाशी एक आर्थिक विचार आहे: जमीन आधी ताब्यात घ्यायची, तिच्यावर रस्ते-पाणी आणायचं, मग विकायची आणि त्या पैशातून शहर उभं करायचं. तो विचार नीट समजून घ्यायला मी बराच वेळ दिला. त्यावर टीका करायची तर आधी तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडता आला पाहिजे, असं मला वाटतं.

त्याआधीच्या काळासाठी गॅझेटिअर लागतं. आज पनवेल-उरण रायगडात, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणून बरेच जण थेट कुलाबा खंड उघडतात. पण या भागाची सविस्तर माहिती १८८२ च्या ठाणे खंडात आहे, कारण पनवेल तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. मिठागरं, भातशेती, बंदरं, सगळं तिथे सापडतं.

खरा पेच पुढे होता. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेलं शेतकऱ्यांचं आंदोलन, १६ आणि १७ जानेवारी १९८४ चा पोलीस गोळीबार, त्यात गेलेले पाच जण आणि पुढे १९९० मध्ये आलेली साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना, हा इतिहास इथल्या गावांत लहान मुलांनाही ठाऊक आहे. तो मराठीत लिहिलेलाही आहे, फक्त ग्रंथालयाच्या सूचीत नाही. पत्रकं, निवेदनं, कात्रणं, हुतात्मा दिनाची भाषणं अशा रूपात तो घरोघरी पडून आहे.

उरणजवळच्या जासई गावातल्या एका घरात मला अशी एक फाईल मिळाली. त्यात एका निवेदनाची कार्बन कॉपी होती, निळी अक्षरं पसरलेली, घडीवर कागद फाटायला आलेला. समासात कुणीतरी पेन्सिलने हिशेब केला होता: एकराचे गुंठे किती, गुंठ्याला मोबदला किती पडला, आणि त्याखाली त्याच जमिनीचा प्लॉट विकताना चौरस मीटरला लावलेला भाव. दोन आकडे, मध्ये एक जाड रेघ. मी तो समास पुन्हा पुन्हा पाहिला. नियोजनकारांनी ज्या आर्थिक विचारावर शहर उभारलं, त्याच विचाराला हा माणूस त्याच्याच गणिताने प्रश्न विचारत होता.

माझ्या मार्गदर्शक मॅडमना ते दाखवलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न रास्तच केला: हे साहित्य की साधन? पत्रकं, निवेदनं प्राथमिक साधनं मानली जातात, त्यांची जागा संशोधनपद्धतीच्या प्रकरणात. माझं म्हणणं होतं की ज्या कागदात युक्तिवाद आहे तो कागद चर्चेतला भागीदार आहे, मग तो छापखान्यातून आलेला असो वा टंकयंत्रावरून. त्याला ‘साधन’ म्हणून बाजूला ठेवलं की वाद एकाच बाजूचा उरतो. बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं की घटनांच्या माहितीसाठी वापरलेले कागद पद्धतीच्या प्रकरणात जातील आणि मोबदल्याबद्दल भूमिका मांडणारे कागद दुसऱ्या प्रकरणात, पुस्तकांच्या शेजारी.

शेजारी ठेवायचं म्हणून मी लांबरुंद रजिस्टर आणलं. डावीकडे एकाखाली एक लेखन, आणि उभे रकाने लेखकांचे न करता प्रश्नांचे: जमीन कुणाची धरली? किंमत कशी ठरली? मोबदल्याचा हक्कदार कोण? रोजगार कुणाचा गेला? प्रत्येक लेखनाने कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिलं, पान क्रमांकासकट एका ओळीत. प्रकरणाचे उपविभाग मग या रकान्यांतूनच पडले. कुणी मला रिव्ह्यूबद्दल विचारलं तर मी एवढंच सांगते, रकाने प्रश्नांचे करा.

पहिले तीन रकाने भरगच्च झाले. सिडको असो, अभ्यासक असोत वा आंदोलक, हक्कदार म्हणून सगळ्यांच्या बोलण्यात मुख्यतः सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी. चौथ्या रकान्यात मिठागरातल्या मजुरांपुरत्या थोड्या नोंदी आल्या. भराव पडल्यावर खाडीतली मासळी, शिंपल्या, निवट्या गोळा करून बाजारात विकणाऱ्या बायकांचं काय झालं, याबद्दल मी वाचलेल्या कागदांत, इंग्रजी असोत वा मराठी, ओझरत्या उल्लेखापलीकडे काही हाती लागलं नाही. एकमेकांशी इतकं भांडणाऱ्या दोन्ही बाजू या बाबतीत सारख्याच गप्प होत्या, आणि त्या एकत्र वाचल्याशिवाय हे दिसलं नसतं.

त्या रकान्यामुळे माझ्या प्रबंधाचा मुख्य प्रश्न बदलला. गावठाणांच्या सीमा आता एका प्रकरणापुरत्या राहिल्या आहेत आणि सुधारित सिनॉप्सिस मंजूर झाला आहे. सध्या दिवाळे, सारसोळे, करावे इथे मुलाखती चालू आहेत. बायकांनी बजावून ठेवलंय की भरती-ओहोटीची वेळ विचारून या, नाहीतर घरी कुणी भेटणार नाही.