त्याआधी काय होते?

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे माझ्यासारख्या मराठीच्या एम. ए. माणसावर त्यांचा तास घेण्याची वेळ आली. विश्वाचा जन्म महास्फोटातून झाला, हे वाक्य मी पुस्तकातून वाचून दाखविले. शेवटच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. वडील बुऱ्हाणपुरातच यंत्रमागावर काम करणारे. त्याने विचारले, “सर, उसके पहले क्या था?”

मला उत्तर ठाऊक नव्हते. तसे सांगण्याऐवजी मी म्हणालो, “हे परीक्षेत येणार नाही, खाली बस.” वर्ग हसला. त्या वर्षी त्या मुलाने पुन्हा काही विचारले नाही. आठवीनंतर त्याची शाळाही सुटली.

२० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर पुण्यात निवर्तल्याची बातमी वाचली आणि हा प्रसंग मनात टोचू लागला. कोल्हापूरला १९३८ साली जन्मलेल्या या विद्वानाने जन्मभर याच प्रश्नाचा पाठपुरावा केला होता. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांच्या मते विश्वाला आरंभच नव्हता. दीर्घिका परस्परांपासून दूर जातात आणि रित्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य निर्माण होत राहते. १९६५ साली आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्म लहरींचा शोध प्रसिद्ध झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूस वळले. आज विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते. नारळीकरांनी मात्र १९९३ मध्ये सहकाऱ्यांसह आपला सिद्धांत सुधारून पुन्हा मांडला. बहुमत त्यांच्या बाजूस आले नाही. पण “खाली बसा” असे त्यांना कोणी म्हणाले नाही, आणि म्हटले असते तरी ते बसले नसते. त्यांनीच उभारलेल्या ‘आयुका’तील व पुण्यातील इतर शास्त्रज्ञांनी २०१७ साली ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह शोधला. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज आपल्याला दिसणारा त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा आपली पृथ्वीही कोवळी होती!

कार्तिकातील एका रात्री काही विद्यार्थ्यांना घेऊन मी तापीकाठी राजघाटावर गेलो. दुर्बिणीतून देवयानी दीर्घिका धुक्याच्या पुसट ठिपक्यासारखी दिसली. तिचा प्रकाश २५ लाख वर्षे वाटचाल करून त्या चिमुकल्या डोळ्यांत उतरत होता. एका मुलीने अखेर तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, “बाळ, मला ठाऊक नाही. ज्यांना पुष्कळ ठाऊक आहे, तेही अद्याप शोधतच आहेत. नासदीय सूक्ताचा ऋषीही याच शंकेपाशी थांबला होता.” ती हिरमुसली नाही, पुन्हा दुर्बिणीला डोळा लावून उभी राहिली.

पुढे एके दिवशी यंत्रमागांच्या गल्लीत तो जुना विद्यार्थी भेटला. आता तो चाळिशीच्या घरात आहे. मी त्याची क्षमा मागितली. तो संकोचला, हसला. त्याला तो प्रश्न आठवतच नव्हता.

वाचकहो, मला मात्र तो आठवतो, आणि तो विसरला याची बोच अधिक आहे. आपल्या घरातील एखादे मूल असे काही विचारील, तेव्हा “ठाऊक नाही” म्हणण्याची लाज बाळगू नका.