गोडं की खारं?

गळती थांबवणं हे माझं पोटापाण्याचं काम. आठवडाभर तारापूर एमआयडीसीत पंप दुरुस्त करतो आणि सुट्टीच्या दिवशी मुरब्याच्या खाडीत नातेवाइकांच्या बोटी बघतो. दोन्हीकडे एकच फर्मान असतं : ‘जरा घट्ट आवळ.’ बरेचदा नेमकं तेच करायचं नसतं.

पंख्याचा शाफ्ट बोटीतून बाहेर पडतो तिथे ग्लँड असतं. त्यात ग्रीस लावलेल्या दोरीची वेटोळी दाबून बसवलेली असतात. शाफ्ट फिरताना तिथून मिनिटाला दोन-चार थेंब यायलाच हवेत; तेच दोरी थंड ठेवतात. थेंब बंद होईपर्यंत नट आवळले तर दोरी जळते, शाफ्टवर चरे पडतात आणि मग धार लागते.

परदेशात मौजेच्या बोटींमागे उंच लाट उठावी म्हणून तळात पाण्याच्या मोठ्या पिशव्या भरतात. त्याही बहुधा नळी जोडतात त्या तोंडाशीच गळतात. रबरी रिंग चपटी झालेली असते, नाहीतर तिच्याखाली वाळूचा कण असतो. जोर लावला की प्लास्टिकचे आटे चिरतात. जागा पुसून, नवी रिंग घालून हातानं आवळलं की भागतं.

पिशवीतलं दोनशे लिटर पाणी आणि तळात सांडलेलं दोनशे लिटर पाणी, वजन तेवढंच. पण पिशवीत गच्च भरलेलं पाणी जागचं हलत नाही. मोकळं पाणी बोट कलेल तिकडे धावतं आणि तिला आणखी कलवतं. आमच्या बोटींत पिशव्या नसतात. डिझेल, बर्फ, मासळी यांच्या वजनावरच बोट पाण्यात नीट बसते. तळाचं पाणी मात्र इथेही तसंच मोकळं.

म्हणून काका आधी पान्याला हात लावू देत नाहीत. ते तळातलं पाणी जिभेला लावतात. गोडं असेल तर बर्फ वितळलाय. खारं असेल तर समुद्र आत आलाय. मग विचारतात, ‘चालताना येतं की उभी असताना?’ फक्त चालताना येत असेल तर शाफ्ट किंवा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची नळी बघायची. फक्त माल भरल्यावर येत असेल तर वरच्या फळ्यांचा सांधा. लाकडावर फायबर चढवलेली बोट फसवते. पाणी शिरतं एकीकडून, दिसतं हातभर लांब. मग ओहोटीला बोट चिखलावर बसली की आत पाणी ओतायचं आणि बाहेर कुठे ओल फुटते ते बघायचं.

1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत मी त्यांच्या बोटीत आपोआप सुरू होणारा पंप बसवला. पाणी साठलं की तो उपसतो. काका म्हणाले, ‘मग पाणी वाढतंय हे कळणार कसं?’ त्यांनी मला सुकाणूजवळ लाल दिवाही लावायला लावला. पंप सुरू झाला की तो पेटतो.

काका आता समुद्रावर जात नाहीत. मुलगा कंपनीत आहे. बोट जुना खलाशी नेतो. बंदरात परतला की मासळीचा हिशोब नंतर होतो; दिवा किती वेळा लागला, हे तो आधी सांगतो.