मामांची नाडी

सारंगखेड्याच्या यात्रेत माणसे घोडे पाहायला जातात. आमचे शहाद्याचे मामा मात्र दर शंभरेक पावलांवर एखाद्या घोड्यापुढे उभे राहत, ते घोड्याच्या प्रेमाने नव्हे, हे मला गेल्या दत्तजयंतीला कळले. पोटरीत गोळा आला की ते आयाळ न्याहाळू लागत. दोन-तीन मिनिटांत कळ ओसरे. मग पुन्हा शंभर पावले, पुन्हा नवा घोडा!

लंगडत मीही होतो. पण नुसते उभे राहून माझे भागत नसे. कमरेपासून पाय जड होत, मुंग्या येत. चहाच्या टपरीवर बाक दिसला की जीव भांड्यात पडे. वर्गात मी टेबलावर कोपरे टेकून, वाकून शिकवतो. विद्यार्थ्यांना तो माझा भारदस्तपणा वाटतो. सायकल मात्र मी कॉलेजपर्यंत बिनतक्रार दामटतो.

"मामा, वारसा हा! तुमचेच दुखणे मला आले," मी म्हणालो. घरी हिनेही एकाच वाटीत दोघांसाठी तेल कोमट केले.

डॉक्टरांनी ती वाटी वेगळी केली. माझ्या पावलांवरची नाडी ठणठणीत होती. मामांची लागेचना, पाऊलही गार. त्यांच्या घोट्याचा रक्तदाब दंडाच्या मानाने फारच कमी भरला. पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या. चालताना स्नायूंना लागणारे जादा रक्त पोचत नव्हते. माझ्या कमरेच्या मणक्यांतली पोकळी मुळातच अरुंद, तिथे मज्जातंतू दाबले जात. बसले किंवा पुढे वाकले की तेवढीच जागा मोकळी होते. सायकलवरही माणूस वाकलेलाच असतो.

हा रक्ताचा लंगडेपणा १८३१ साली बूले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने वर्णिला, तो घोड्यात; माणसात तो शार्कोने १८५८ साली दाखवला. हे सांगताच मामा खुलले. "म्हणजे माझे दुखणे जातिवंत आहे, पाहा!"

पण डॉक्टर हसले नाहीत. पायाच्या रोहिण्या अशा झाल्या, तर हृदयाच्या नि मेंदूच्याही तशाच असण्याचा संभव असतो, असे ते म्हणाले. आणि विडी? मामांनी चाळीस वर्षे ओढली होती. त्यांनी खिशातला कट्टा मुकाट्याने टेबलावर ठेवला. तेलाने पोटऱ्या चोळत आम्ही किती महिने घालवले, हे मी मनात मोजत राहिलो.

आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून मामा रोज चालतात. कळ वाढली की थांबतात, ओसरली की पुढे निघतात. गेल्या आठवड्यात त्यांचे पत्र आले: यंदा यात्रेला येतो, मध्ये तीनच घोडे पाहीन.